बाटलीतली पांढरी हळद

आमचे अब्बा सांगलीच्या पेठेत तोलाईदार होते. हळदीचा हंगाम सुरू झाला, की संध्याकाळी घरी येताना त्यांच्या सदऱ्यावर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पिवळी भुकटी बसलेली असायची. दादी हसून म्हणायची, "आमच्या पोराचं लग्न रोजच लागतं बघा." सौद्यात हळदीचा भाव कसा ठरतो, हे मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिलं आहे. व्यापारी ढिगातलं एक हळकुंड उचलतो, कटकन मोडतो आणि आतला गाभा उजेडाकडे धरून पाहतो. त्या गाभ्यातला रंग वर्षभराच्या कष्टाचं मोल ठरवतो. अब्बांना तो रंग लांबूनही कळायचा. ते म्हणायचे, "बाहेरून सगळी हळद सारखीच. खरं काय ते मोडल्यावर कळतं."

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करत असताना एकदा तिची प्रयोगशाळा पाहायला गेलो होतो. तिनं फडताळातून काचेची एक छोटी बाटली काढून माझ्या हातात दिली. आत शिजलेल्या साबुदाण्याचा असावा तसा पांढुरका, ओलसर गोळा होता. म्हणाली, "मामू, ये भी हल्दीच है." मी बाटली फिरवून फिरवून पाहिली. हळदीच्या कोंबाचा बारीक तुकडा घेऊन त्याच्या पेशी वाढवलेल्या. पेशी हळदीच्याच, पण पिवळेपणाचा मागमूस नाही. मी विचारलं, "अगं, मग रंग कुठं गेला?" ती हसली. म्हणाली, "मामू, इसी सवाल के पीछे तो दुनिया लगी है."

तिचे वडील, म्हणजे आमचे दुल्हेभाई, कृष्णाकाठी एकरभर हळद करतात. लेकीचा अभ्यास त्यांनी कौतुकानं ऐकून घेतला आणि मग एकच प्रश्न विचारला. उद्या हळद अशी बाटलीतच व्हायला लागली, तर माझ्या एकराचं काय?

मंडळी, मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण हे दोन प्रश्न मला काही सोडेनात. रंग कुठं गेला, आणि एकराचं काय? मग पुस्तकं आणली, भाचीला छळलं, आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

ही गोष्ट सुरू होते १९०२ साली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात गॉटलीब हाबरलांट नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी पानातल्या सुट्या पेशी काढून साखर आणि क्षार घातलेल्या पाण्यात ठेवल्या. प्रत्येक पेशीत अख्खं झाड दडलेलं आहे, योग्य अन्न मिळालं तर ती पुन्हा झाड होईल, अशी त्यांची कल्पना. पेशी काही आठवडे जगल्या, फुगल्या, पण एकीचीही दुसरी झाली नाही. प्रयोग फसला. तरीही हाबरलांट यांनी आपली कल्पना लिहून ठेवली. पुढच्या माणसांना ती पुरली.

१९३४ साली अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोची मुळं झाडापासून तोडून काचेत सतत वाढती ठेवली. १९३९ साली व्हाइट यांना तंबाखूच्या आणि फ्रान्समधल्या दोघा शास्त्रज्ञांना गाजराच्या ऊती दीर्घकाळ वाढवत ठेवण्यात यश आलं. तिघांचंही काम जवळजवळ एकाच वेळी आणि स्वतंत्रपणे झालं. मग १९५५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात एक गंमत घडली. फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर पेशींचं विभाजन घडवून आणणारं द्रव्य शोधत होते. ते सापडलं हेरिंग माशाच्या वीर्यातल्या डीएनएच्या एका जुनाट बाटलीत. ताजा डीएनए आणला तर त्याचा गुण येईना. जुना झालेला किंवा तापवलेला असेल तरच तो काम करी. त्यातून जे द्रव्य वेगळं केलं त्याला त्यांनी कायनेटिन नाव दिलं. दोनच वर्षांनी त्यांनी दाखवलं, की दोन प्रकारच्या संप्रेरकांचं प्रमाण बदललं की त्याच गोळ्याला कधी मुळं फुटतात, कधी कोंब, आणि दोन्हींचा तोल साधला तर नुसताच गोळा वाढत राहतो. १९६२ साली स्कूग आणि तोशिओ मुराशिगे यांनी पेशींना लागणाऱ्या खाण्याची पाककृतीच तयार केली. दोघांच्या नावांवरून तिला 'एमएस' म्हणतात आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती वापरली जाते. भाचीच्या बाटलीतही तीच होती.

आपला देश यात मागे नव्हता. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी या विद्येची मोठी परंपरा उभी केली. तिथेच १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून रोपं वाढवून जगाला चकित केलं. आणि आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपण जिला एनसीएल म्हणतो तिथे, रजनी नाडगौडा, मस्करेन्हास, हेंद्रे आणि जगन्नाथन या चौघांनी १९७८ साली हळदीची रोपं ऊतिसंवर्धनानं भराभर वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

हळदच का? कारण हळदीचं एक दुखणं आहे. तिला फूल येतं, देखणंही असतं, पण बी धरणं दुर्मीळच. त्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी आपल्याच पिकातले गड्डे बेणं म्हणून राखून ठेवावे लागतात. हेक्टरी वीस-पंचवीस क्विंटल बेणं पुन्हा मातीत जातं. शिवाय बेण्याबरोबर कंदकूजही पुढच्या वर्षाच्या शेतात जाते. पुण्याच्या मंडळींना एका कोंबातून अनेक रोपं हवी होती. ती त्यांना मिळाली. पण इथे भाचीचा प्रश्न उभा राहतो. रोप झालं, तरी त्याच्या कंदात रंग किती येणार? १९८६ साली नाडगौडा आणि मस्करेन्हास यांनी जास्त कर्क्युमिन देणारे हळदीचे वाण काचेतच हेरण्याची पद्धत मांडली. कर्क्युमिन म्हणजे ज्यासाठी व्यापारी हळकुंड मोडून पाहतो, तो पिवळा रंग.

आता त्या पांढऱ्या गोळ्याकडे वळू. रंग, तिखटपणा, सुगंध या गोष्टी झाडाला जगण्यासाठी रोज लागत नाहीत. साखर लागते, प्रथिनं लागतात. रंग आणि तिखटपणा ही झाडाची हत्यारं. मिरचीचं उदाहरण घ्या. आपण म्हणतो मिरचीचं बी तिखट, पण तिखटपणा तयार होतो बी ज्याला चिकटलेलं असतं त्या पांढऱ्या गाभ्यात. तो तिथे का? बोलिव्हियातल्या रानमिरच्यांचा अभ्यास करून काही संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की जिथे बुरशीचा उपद्रव जास्त तिथल्या मिरच्या जास्त तिखट. म्हणजे आपल्या जिभेला झोंबणारी गोष्ट मुळात बी वाचवण्यासाठी आहे.

बाटलीतल्या पेशीला ना बुरशी, ना कीड, ना ऊन, ना तहान. साखर आयती, हवा गाळलेली. ती बसल्या जागी वाढत राहते आणि हत्यार घडवायचं विसरते. आमचा पांढरा गोळा पांढरा का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं असं, की हळदीचा रंग साठतो तो कंदात, आणि गोळ्याला अजून आपण कंद आहोत हेच ठाऊक नसतं.

१९५६ साली फायझर या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या पेशी मोठ्या भांड्यांत वाढवण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून सगळ्यांची धडपड एकच. या सुखावलेल्या पेशींकडून पुन्हा रंग, तिखटपणा आणि औषध काढायचं कसं? पहिलं मोठं यश जपानला मिळालं. मुरासाकी नावाच्या झाडाच्या मुळात शिकोनिन हे लाल-जांभळं द्रव्य असतं. जपानमध्ये ते पूर्वापार रंगासाठी आणि औषधासाठी वापरतात. पण मूळ तयार व्हायला काही वर्षं लागतात, आणि झाडही दुर्मीळ झालेलं. क्योतो विद्यापीठात मामोरू ताबाता आणि मित्सुई कंपनीत यासुहिरो फुजिता यांनी पेशींना दोन घरं दिली. पहिल्यात भरपूर खायला घालून वाढवायचं आणि दुसऱ्यात खाणं बदलून कामाला लावायचं. पेशी अंधारात ठेवायच्या, कारण उजेडात त्या रंग धरत नाहीत. मुळाला जिथे वर्षं लागत, तिथे तीनेक आठवड्यांत त्याच्या कितीतरी पट रंग मिळू लागला. १९८३-८४ च्या सुमाराला तो कारखान्यात तयार होऊन लिपस्टिकमध्ये गेला. वनस्पतीच्या पेशींपासून कारखान्यात बनवून बाजारात आलेलं हे पहिलं द्रव्य.

मसाल्यांच्या बाबतीत मिरचीवर खूप काम झालं. एडिंबरो विद्यापीठात योमन आणि लिंडसे यांनी मिरचीच्या पेशी स्पंजसारख्या फोममध्ये अडकवून ठेवल्या. वाढायला जागा कमी मिळाली तशा त्या जास्त तिखट होऊ लागल्या. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्री शेवाळापासून काढलेल्या चिकट पदार्थाच्या मण्यांत मिरचीच्या पेशी बसवल्या आणि तिखटपणा ज्यापासून तयार होतो तो कच्चा माल त्यांना बाहेरून दिला. त्याच पेशींकडून त्यांनी व्हॅनिलाचा वासही करून घेतला.

दुसरी युक्ती डिवचण्याची. बुरशीच्या भिंतीचा अर्क, यीस्टचा अर्क, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेलं कायटोसॅन यातलं काहीतरी थोडंसं बाटलीत टाकायचं. पेशीला वाटतं, हल्ला झाला. ती हत्यारं काढते. या साऱ्यात मला सगळ्यात नवल वाटलं ते मिथाइल जास्मोनेटचं. हे द्रव्य १९६२ साली चमेलीच्या तेलात सापडलं. अत्तरवाल्यांना त्याचा वास हवा होता. पुढे कळलं, की झाडाला जखम झाली की त्याच कुळातली द्रव्यं झाडभर धोक्याचा निरोप पोचवतात. १९९२ साली जर्मनीत त्सेंक यांच्या गटानं छत्तीस जातींच्या वनस्पतींच्या पेशींना मिथाइल जास्मोनेट देऊन पाहिलं आणि छत्तीसही जातींनी आपापली संरक्षक द्रव्यं वाढवली. आम्ही कवी लोक चमेलीच्या वासावर इतकं लिहितो. त्यातला एक धागा झाडांच्या कण्हण्याचा आहे, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

आता दुल्हेभाईंचा प्रश्न. त्यांची भीती खुळी नाही. इतिहासात असं घडलं आहे. मंजिष्ठाच्या कुळातल्या मॅडर या झाडाच्या मुळातला लाल रंग १८६९ साली जर्मनीत रसायनापासून बनवला गेला आणि दक्षिण फ्रान्समधली मॅडरची शेती काही वर्षांत बसली. १८९७ साली बीएएसएफ कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडची निळीची शेती उतरणीला लागली. चंपारणच्या शेतकऱ्यांचं दुःख आपण गांधीजींमुळे जाणतो. त्या दुःखामागे जुलूम होताच, पण एका रंगाचा मरणारा बाजारही होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं व्हॅनिलाचा अर्क पेशींपासून करायला घेतला, तेव्हा मादागास्करच्या शेतकऱ्यांचं काय होणार, अशी चिंता जगभर व्यक्त झाली होती.

पण पुढे काय झालं तेही पाहा. पेशींपासूनचं ते व्हॅनिला बाजारात टिकलं नाही. मादागास्कर आजही व्हॅनिला पिकवतं. केशर तर मसाल्यांत सर्वांत महाग. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. जपानमध्ये १९८७ साली केशराच्या काड्यांसारखे तंतू काचेत वाढवून दाखवले गेले. तरी आपल्या बिर्याणीतलं केशर आजही काश्मीरच्या नाहीतर इराणच्या शेतातूनच येतं. कारण साधं आहे. बाटलीतल्या पेशीला साखर विकत द्यावी लागते, हवा गाळून द्यावी लागते, वीज लागते, पोलादी भांडी लागतात, आणि एक जंतू शिरला की अख्खी भट्टी फुकट. शेताला ऊन फुकट मिळतं. म्हणून या पद्धतीनं परवडतं ते फार महाग आणि दुर्मीळ द्रव्य. कर्करोगावरचं टॅक्सॉल हे त्याचं मोठं उदाहरण. यू नावाच्या झाडाच्या सालीत ते अगदी कणभर असतं. ते पेशींपासून करणं झाडांच्याही हिताचं झालं.

हळदीचा रंग तर शंभर वर्षांपूर्वीच माणसाच्या हातात आला होता. १८१५ साली फ्रान्समध्ये तो प्रथम वेगळा केला गेला. १९१० साली तीन रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यापैकीच लाम्पे यांनी तो प्रयोगशाळेत बनवलाही. तरी हळद निळीच्या वाटेनं गेली नाही. निळीतला फक्त रंग लोकांना हवा होता. हळद आपण खातो. तिच्यात तेल आहे, वास आहे, चव आहे. ती जखमेवर लावतात आणि नवरा-नवरीच्या अंगाला लावतात, तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही. एका रेणूला एवढी सगळी कामं जमत नाहीत.

हळद कुणाची, हा वाद एकदा अमेरिकेत रंगला होता. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधीचे पुण्याच्या एनसीएलचे संचालक. सीएसआयआरनं बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत होते, हिंदी होते आणि उर्दूही होते. १९९७ साली पेटंट रद्द झालं. आमच्या दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. खरचटलं की ती चिमूटभर हळद दाबून धरायची. तिच्यासारख्यांचं शहाणपण ज्या जुन्या पुस्तकांत उतरलं होतं, त्यांची साक्ष सातासमुद्रापार ग्राह्य धरली गेली, ही गोष्ट ती असती तर मी तिला तीनदा सांगितली असती.

म्हणून मी दुल्हेभाईंना सांगितलं, की बाटलीला भिऊ नका. उद्याचं मात्र मी छातीठोक सांगत नाही. २००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी जिवाणूंकडूनही कर्क्युमिन करून घेतलं आहे. पण आजवरचा इतिहास पाहता हळकरी शेतकऱ्याचे वैरी वेगळे आहेत. कंदकूज, पडलेला भाव आणि पाणी. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. जमिनीखालच्या ज्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद जपली, ती किती तरी पेवं त्या पुरात गेली. अब्बांनी ते पाहिलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिथे कुठलीही बाटली दोषी नव्हती. उलट निरोगी बेणं आणि चांगल्या रंगाचा वाण देण्यासाठी ही बाटली शेतकऱ्याच्या उपयोगी पडू शकते. पुण्यात तिची सुरुवात झाली तीच मुळी त्यासाठी. फक्त ते बेणं त्याच्या बांधापर्यंत, त्याला परवडेल अशा दरात पोचलं पाहिजे. विद्या प्रयोगशाळेत राहिली आणि पेटंट कुणा तिसऱ्याच्या कपाटात, असं होता कामा नये.

काही महिन्यांनी भाची सुट्टीला घरी आली. येताना एक बाटली घेऊन आली. या वेळी आत गोळा नव्हता. रोप होतं, आणि त्याच्या बुडाशी वाटाण्याएवढी गाठ. खाण्यातली साखर वाढवली की रोप अशी इवलीशी कंदं धरतं, असं तिनं सांगितलं. दुल्हेभाईंनी बाटली हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, काढ बाहेर. तिनं चिमट्यानं ती गाठ काढली. त्यांनी नखानं तिचे दोन तुकडे केले आणि सवयीनं खिडकीतल्या उजेडाकडे धरले.

गाभा पिवळा होता. फिकट, पण पिवळा.

"रंग धरायला लागलाय," दुल्हेभाई म्हणाले. मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "असली किती रोपं देशील? जूनमध्ये एक सरी लावून बघू."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)